पॅकअप कोण म्हणणार?

लहान युनिट घेऊन, स्वतःच्या हिमतीवर चित्रपट करणाऱ्या सगळ्या दिग्दर्शक-निर्मात्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी साउंड करते. कानाला हेडफोन, गळ्यात रेकॉर्डर आणि हातात बूम, म्हणजे टोकाला मायक्रोफोन लावलेली लांब काठी, घेऊन तुमच्या फ्रेमच्या काठाबाहेर उभी असते. मोठ्या सेटवर या कामाला तीन माणसं असतात, तुमच्याकडे मी एकटी असते. ही तक्रार नव्हे. दहा-बारा जणांच्या युनिटमध्येच मी हे काम शिकले, आणि बोलावणं आलं की अजूनही आधी तुमच्याकडेच येते. कपडे सांभाळणारी मुलगी कंटिन्युइटीही लिहिते, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्यात जुळतंय का याची नोंद ठेवते, दिग्दर्शक स्वतः ट्रायपॉड उचलतो, आणि टेक चांगला झाला की सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदमच कळतं. हे मला दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही. म्हणूनच युनिटच्या जागरणाबद्दलचं हे पत्र तुम्हाला लिहितेय.

सीन संपला की मी तुमच्याकडे एक गोष्ट मागते: रूम टोन. पत्र खुलं आहे, तेव्हा बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. दोन संवादांच्या मधली जागा भरायला एडिटरला त्याच खोलीतली, त्याच दिव्यांखालची, तेवढीच माणसं आत असतानाची शांतता लागते. म्हणून किमान ३० सेकंद सगळ्यांनी आहे तिथे, आहे तसं थांबायचं. कपड्याची सळसळ नको, पाय हलवायचा नाही. दिवसभरात अख्खं युनिट एकत्र गप्प बसतं ते एवढंच.

काही वर्षांपूर्वीची एक रात्र आहे. घरातला सीन होता. सकाळी नऊचा कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, होता आणि रूम टोन मागितला तेव्हा पहाटेचे सव्वातीन वाजले होते. मी डोळे मिटून ऐकत होते. साधारण विसाव्या सेकंदाला हेडफोनमध्ये एक श्वास यायला लागला. संथ, एकसारखा, शेवटी किंचित घरघर. बूम हळूच त्या दिशेला वळवला आणि डोळे उघडले. फोकस पुलर, म्हणजे शॉट चालू असताना लेन्सचा फोकस सांभाळणारा, भिंतीला पाठ टेकून, एक हात लेन्सवर ठेवून, उभ्या उभ्या झोपला होता.

सामानाची गाडी तोच चालवणार होता. किल्ली होती माझ्याकडे. म्हणजे फ्रिजमध्ये होती. फ्रिजची घरघर संवादात येते म्हणून शूटिंगच्या वेळी तो बंद करावा लागतो, आणि नंतर चालू करायला कुणी विसरू नये म्हणून साउंडवाले गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतात. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रिज उघडावाच लागतो. ही आमची जुनी युक्ती. मी फ्रिज चालू केला, ती गार पडलेली किल्ली काढली आणि माझ्या हाताने त्याच्या हातात दिली. याला झोप आलीय हे मी नुकतंच कानाने ऐकलं होतं. तरीही दिली. दुसरं कोण चालवणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही, मीही नाही.

त्याला जागं ठेवायचं म्हणून मी पुढच्या सीटवर बसले आणि बोलत राहिले. मग बोलता बोलता माझाच डोळा लागला. जाग आली ती चाकाखाली खडी वाजली तेव्हा. गाडी रस्त्याच्या कडेला उतरली होती आणि त्याने नुकताच ब्रेक दाबला होता. कुणाला काही लागलं नाही. कॅमेऱ्याची पेटीसुद्धा जागची हलली नव्हती. आम्ही दोघं पंधरा मिनिटं दार उघडं टाकून तसेच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी सेटवर कुणाला काही सांगितलं नाही, कारण अकराचा कॉल होता आणि सगळ्यांचाच चेहरा तसाच होता.

त्या रूम टोनमधली पहिली वीस सेकंदं चित्रपटात आहेत. पाहणाऱ्याला काही कळणार नाही, पण तो सीन लागला की श्वास सुरू होतो त्याच्या अगदी आधी ती शांतता कुठे कापली आहे ते मला कळतं.

जागरणाचा अभ्यास झालेला आहे. १९९७ साली ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा निबंध छापला. त्यांनी लोकांना जागं ठेवून हात आणि डोळे यांचा मेळ तपासला, मग त्याच लोकांना दारू देऊन तोच तपास पुन्हा केला. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं घसरतं, आणि २४ तासांनंतर ते ०.१० टक्क्यांपर्यंत जातं. गाडी चालवायला ०.०५ ही मर्यादा अनेक देशांत कायद्याने घातलेली आहे. प्यायलेल्या माणसाच्या हातात तुमच्यापैकी कुणीही युनिटची गाडी देणार नाही, याची मला खात्री आहे. नऊच्या कॉलसाठी सातला उठलेल्या माणसाचे १७ तास मध्यरात्री बारालाच भरतात. आमचे त्याच्यावर सव्वातीन तास झाले होते.

त्याच १९९७ सालच्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात एक सहायक कॅमेरामन १९ तासांचं काम संपवून गाडीने घरी निघाला, वाटेत त्याला झोप लागली आणि तो घरी पोहोचलाच नाही. तो मोठ्या स्टुडिओच्या चित्रपटावर होता. तिथे पैसा होता, माणसं होती, संघटनाही होती. दोन ऑस्कर मिळालेले छायालेखक हॅस्केल वेक्सलर यांच्या मनातून तो मृत्यू गेला नाही. ‘१२ तास काम, १२ तास विश्रांती’ एवढं एकच मागणं त्यांनी लावून धरलं आणि वयाच्या ऐंशीनंतर, २००६ साली, या विषयावर माहितीपट केला. २०२१ साली अमेरिकेतल्या पडद्यामागच्या कामगारांच्या संघटनेत संपाचा अधिकार द्यायचा का यावर मतदान झालं, तेव्हा ९८ टक्क्यांहून जास्त मतं संपाच्या बाजूने पडली. विश्रांतीचे तास हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. त्यानंतरच्या करारात दोन दिवसांच्या कामामध्ये किमान १० तासांची सुट्टी आली. पडद्यामागची नावं सरकायला दहा-दहा मिनिटं लागतात अशा धंद्यात ही गोष्ट इतक्या उशिरा मिळाली. तुमच्या-माझ्या युनिटला तर संघटना नाही, करार नाही. आपल्याकडे फक्त तुमचा शब्द असतो.

आता उशीर का होतो ते बघू. सेटवर कारणं ऐकू येतात: पाऊस आला, नटाला यायला वेळ लागला, जनरेटर बंद पडला. तेही होतंच. पण इतक्या वर्षांत आदल्या संध्याकाळी हातात पडलेली शॉटची यादी पाहून पॅकअपची, म्हणजे दिवसाचं काम आवरायची, वेळ मला बहुतेक अर्ध्या तासाच्या फरकाने सांगता आली आहे. उशीर त्या कागदावरच लिहिलेला असतो.

हिशेब करून दाखवते. लहान युनिटमध्ये कॅमेरा हलवायचा, लाइट बदलायचे, नटाला जागा दाखवायची, एक तालीम करायची आणि तीन-चार टेक घ्यायचे, याला सरासरी अर्धा तास लागतो. लाइट तेच राहिले तर कमी. गाडी, लहान मूल किंवा प्राणी असेल तर दुप्पट. १२ तासांच्या दिवसातून जेवणाचा एक तास काढा, सकाळी सामान लावायला आणि रात्री आवरायला मिळून एक, जागा बदलायची असेल तर आणखी एक. उरले ९ तास, म्हणजे १८ शॉट. आता तुमची यादी काढा. माझ्यासमोर आलेल्या बहुतेक याद्यांमध्ये ३० ते ३५ शॉट असतात. ३५ शॉटना साडेसतरा तास लागतात, त्यात वरचे तीन मिळवले की साडेवीस. हा आकडा कुणी मोठ्याने उच्चारत नाही. ‘बघू, जमवू’ म्हणून यादी सगळ्यांच्या फोनवर जाते, आणि दुसऱ्या दिवशी ते जमवणं फोकस पुलरच्या डोळ्यांतून आणि लाइटमनच्या पाठीतून वसूल होतं.

यात डिजिटलचाही हात आहे, हे थोडं विषयांतर करून सांगते. १६ एमएमच्या ४०० फुटी रिळात सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने जेमतेम ११ मिनिटं बसायची. रीळ संपलं की मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्यावरची रिळाची पेटी, बदलेपर्यंत सगळ्यांना थांबावंच लागे. बूमवाला हात खाली घेई, नट बसे, दिग्दर्शक पुढचा विचार करी. रीळ महाग, म्हणून तालीम नीट होई. आता मेमरी कार्डावर तासाहून जास्त चालतं आणि ‘कट’ म्हणायची सवयच मोडली आहे. ‘रोलिंग राहू दे, परत पहिल्यापासून’ असं म्हणत सहा टेक सलग होतात. तुम्ही मॉनिटरसमोर बसलेले असता. माझे दोन्ही हात वीस मिनिटं डोक्याच्या वर असतात, टोकाला मायक्रोफोन. पंधराव्या मिनिटाला बूम थरथरतो आणि ती थरथर आवाजात येते. मग तुम्हीच विचारता, ‘हा खडखडाट कसला?’ मला जुन्या रिळांचा फार उमाळा नाही. पण त्या सक्तीच्या थांबण्यातून काय मिळत होतं, ते विसरायला नको होतं.

चित्रपटाचं नुकसानही ऐका, कारण चित्रपटासाठी तुम्ही काहीही सोसाल हे मला माहीत आहे. एका शेड्यूलमध्ये कार्ड उतरवून घेणारा, म्हणजे कार्डावरचं चित्रण कॉपी करून ठेवणारा मुलगाच दिवसा क्लॅप द्यायचा आणि संध्याकाळी सामान मोजायचा. भरलेल्या कार्डाला लाल पट्टी, रिकाम्याला हिरवी, अशी आमची पद्धत होती. पहाटे अडीचला त्याने लाल पट्टीचं कार्ड कॉपी व्हायच्या आधी कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट केलं. लाल पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर होती, ती त्याला दिसलीच नाही. दुपारपासूनचं सगळं चित्र गेलं. माझ्याकडे त्या सीनचा आवाज आहे, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकदम स्वच्छ. तो आवाज जिच्या तोंडचा आहे त्या नटीने तसा टेक पुन्हा दिला नाही, देणं शक्यच नव्हतं. त्या मुलाला सगळे बोलले. प्रत्येक फुटेजच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या जागी, हा नियम त्याला आमच्यापेक्षा चांगला ठाऊक होता. पण त्या वेळी तो २० तास जागा होता आणि त्याला ‘तू झोप, हे मी बघते’ म्हणणारं युनिटमध्ये कुणी नव्हतं. तीन कामं एकाच माणसाला दिली की नियम पाळायला माणूसच उरत नाही.

हे म्हटलं की तुमचं उत्तर मला तोंडपाठ आहे. ‘लोकेशन एकाच दिवसाचं होतं.’ ‘आपलं घरचंच कार्य आहे.’ ‘मीही तुमच्याबरोबर जागाच आहे ना!’ या तिन्ही गोष्टी खऱ्या असतात, आणि त्यांत तुमची पदरमोड, घेतलेलं कर्ज, वर्षानुवर्षं उराशी धरलेली गोष्ट असते. मी ते पाहिलंय. एका दिग्दर्शकाला सगळे झोपल्यावर जिन्यात बसून दुसऱ्या दिवसाचे पैसे उभे करताना मी ऐकलंय. पण तुमचं जागणं आणि आमचं जागणं सारखं नाही. तुम्हाला तो चित्रपट जागा ठेवतो. तो तुमचा आहे, नाव तुमचं आहे, आणि शेवटच्या शॉटला तुमच्या अंगात जी ताकद येते ती उसनी नसते. जिवावरचं काम करताना माणूस तहानभूक विसरतो. मात्र आपण विसरलो म्हणून लाइटमनही विसरला असेल, असं तुम्ही धरून चालता. आणि तो मात्र बोलत नाही. लहान युनिटमध्ये ‘नाही’ म्हणणं फार अवघड असतं. मोठ्या सेटवर नाही म्हटलं तर एका खात्याला म्हटलं जातं, इथे मित्राला म्हणावं लागतं. शिवाय निम्म्या लोकांचे पैसे चित्रपट विकला गेल्यावर मिळणार असतात, तेव्हा पुढच्या कामाची आशा हाच मोबदला असतो. त्या आशेपुढे तोंड उघडत नाही.

२०१४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या जॉर्जियात एका लहान बजेटच्या चित्रपटाचं युनिट रेल्वेच्या पुलावर उतरलं. रुळांवर चित्रीकरण करायला रेल्वे कंपनीने परवानगी दिलेली नव्हती. गाडी आली आणि कॅमेरा विभागातली २७ वर्षांची सहायक मुलगी गेली. दिग्दर्शकाने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि तो तुरुंगात गेला. हे वाचताना मी दिग्दर्शकाचा विचार करत नाही. पुलावर उभ्या असलेल्या बाकीच्यांच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहते. मी तिथे असते तर काही बोलले असते का? गार किल्ली हातात देणारी मी, खात्रीने ‘हो’ म्हणू शकत नाही.

म्हणून माझी मुख्य मागणी एकच आहे. शेड्यूल सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर, एका माणसाला पॅकअप म्हणायचा अधिकार द्या. तो माणूस तुम्ही नसावा. चीफ असिस्टंट तुमचा जिवलग मित्र किंवा तुमच्याकडे शिकायला आलेला मुलगा असेल, तर तोही नसावा. सीन कसा होतोय यात ज्याचा जीव अडकलेला नाही असं कुणीतरी हवं. त्याने ‘पॅकअप’ म्हटलं की पॅकअप. ‘फक्त एक क्लोजअप’ म्हणून घासाघीस करायची नाही.

असं एकदाच झालेलं मी पाहिलंय. प्रॉडक्शन सांभाळणाऱ्या बाईंकडे तो अधिकार दिला होता. बारा तास भरले तेव्हा आम्ही तीन शॉटच्या सीनचा पहिला शॉट लावत होतो. त्या दारातून आत आल्या, घड्याळ दाखवलं आणि म्हणाल्या, ‘झालं, आवरा.’ दिग्दर्शक काही बोलला नाही. मॉनिटर बंद केला, बाहेर गेला, बराच वेळ एकटा उभा राहिला. लाइटमननी दिवे उतरवले तरी कुणाला खरं वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी येताना तो तीन शॉटचा एक करून आला. सीन त्यामुळे चांगला झाला का, हे मी सांगू शकत नाही, तो माझा प्रांत नाही. पण दोन्ही नटांना वाक्यं पाठ होती, कुणाचा पाय घसटला नाही, आणि दुसऱ्या टेकला मला इतका स्वच्छ आवाज मिळाला की डबिंगला जावं लागलं नाही.

बाकीचं थोडक्यात. तास मोजाल तेव्हा घरून निघाल्यापासून घरी पोहोचेपर्यंतचे मोजा, क्लॅपपासून क्लॅपपर्यंतचे नकोत. पॅकअप आणि दुसऱ्या दिवशीचा कॉल यांच्यात किमान १० तास ठेवा. रात्री उशीर झाला तर कॉल पुढे ढकला, आदल्या दिवशीची वेळ तशीच ठेवू नका. दिवसभर राबलेल्या माणसाला रात्री किल्ली देऊ नका, ड्रायव्हर वेगळा घ्या. बजेट त्यात बसत नसेल तर सगळ्यांनी तिथेच झोपायची सोय करा. आणि कार्ड उतरवणाऱ्याला दिवसाचं दुसरं काम देऊ नका.

यामुळे शेड्यूल लांबेल, हे मला कळतं. ९० पानांची पटकथा १५ दिवसांत काढायची तर रोज ६ पानं पडतात, आणि त्यातलं एक पान आपल्या चालीने कधीच जात नाही. मग पानं कमी करा, जागा कमी करा, रात्रीचे सीन दिवसा करता येतात का ते लिहितानाच बघा. हे काम तुमचं आहे आणि ते तुम्हाला आमच्यापैकी कुणाहीपेक्षा चांगलं येतं. कमी साधनांत गोष्ट सांगण्याची वाट तुम्ही स्वतः निवडली आहे. लेन्स एकच असेल तर तुम्ही कुरकुर न करता एका लेन्सचा चित्रपट विचार करून काढता. आमचे १२ तासही त्या एका लेन्ससारखेच धरा.

पुढच्या शेड्यूलचा कागद पाठवाल तेव्हा शॉटच्या यादीशेजारी एक रकाना वाढवा. त्यात लिहा, या दिवशी युनिटमधला शेवटचा माणूस आपल्या अंथरुणात किती वाजता पोहोचेल, आणि त्याला तिथवर कोण घेऊन जाईल. वेळ आणि नाव, दोन्ही लिहा. तो कागद आला की मी त्याच दिवशी तारखा कळवते.

तुमच्याच युनिटमधली,
साउंडवाली